हवापालटापासून चालण्यापर्यंत

दम्याने, श्वासनलिकांच्या कायमच्या अडथळ्याने किंवा क्षय बरा होऊन मागे राहिलेल्या व्रणांनी ज्याला चार पावलांत धाप लागते, अशा माणसाला औषधांबरोबरच बेताबेताने चालायला लावणे, हातापायांचे स्नायू बळकट करणे, श्वास सोडण्याची रीत शिकवणे, आहाराची आणि इनहेलरची घडी बसवून देणे, या सगळ्या खटाटोपाला वैद्यकात ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘फुप्फुस पुनर्वसन’ असा प्रतिशब्द आहे. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तो चमत्कारिक वाटतो. तिकडे पुनर्वसन म्हटले की कोयनेचे आणि चांदोलीचे धरणग्रस्त आठवतात. पुनर्वसन म्हणजे गाव उठणे. पण या भागातल्या छातीच्या रोग्यांचा इतिहास पाहिला, तर शब्द अगदीच चुकलेला नाही. इथला पहिला मोठा उपचार खरोखरच रोग्याला गावातून उठवण्याचा होता. त्याला घरी ठेवून चालता करण्याचा विचार पुष्कळ नंतरचा.

या इतिहासाच्या मध्यभागी आष्ट्यासारखे गाव ठेवून पाहणे सोयीचे आहे. आष्टा हे वाळवा तालुक्यातले, सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचे जुने बाजाराचे गाव. तिथली नगरपालिका १८५३ ची. १९४९ पर्यंत गाव सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भोवती कृष्णा-वारणेची काळी जमीन, ऊस आणि हळद. गावाला सुबत्ता आणणाऱ्या याच पिकांनी धूर आणि धूळही आणली. गुऱ्हाळाच्या चुलवाणात दिवसभर चिपाड ढकलणारा मजूर, हळद शिजवून वाळवल्यावर तिला पॉलिश करताना उडणारी पिवळी धूळ, तोडणीनंतर फडात पेटवलेले पाचट, नदीकाठच्या वीटभट्ट्या, आणि या सगळ्यांहून जुनी, घरातली चूल. चिपाड ओले साठवले तर त्यात बुरशीसारखे जंतू वाढतात आणि ते श्वासातून गेले की फुप्फुसाला सूज येते. उसाच्या चोथ्यातून होणाऱ्या या आजाराची, ‘बगॅसोसिस’ची, पहिली नोंद १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात झाली.

आजाराला गावात वेगळे नाव नव्हते. सगळा ‘दमा’च. मराठीत दम हा शब्द मोठा राबता आहे. पैलवानाने दम टिकवायचा, चढावर दम खायचा, गवयाने दमसास कमवायचा, आणि ज्याचा दम कायमचाच गेला तो दमेकरी. लाल मातीच्या तालमींच्या आणि मिरजेच्या तंबोऱ्यांच्या मुलखात दम ही कमवायची वस्तू आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. दमेकऱ्यालाही तो थोडाफार कमवता येईल, हे मात्र कोणाच्या मनात आले नाही. वैद्यांच्याही नाही आणि पुढे बराच काळ डॉक्टरांच्याही नाही.

वैद्यांचे निरीक्षण बारीक होते. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतल्या तमकश्वासाचा रोगी आडवा पडला की घुसमटतो, उठून बसला की त्याला बरे वाटते, हे नोंदवले. आजही अशा रोग्याला पुढे झुकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून बसायला शिकवतात. औषधांत अडुळसा होता. त्यातल्या वासिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे कफ पातळ करणारी ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल ही औषधे निघाली. धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीतही होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मद्रासहून इंग्लंडात गेली आणि दम्याच्या सिगारेटी म्हणून शंभर-दीडशे वर्षे जगभर विकली गेली. दम्याला धूर देण्याचा हा उपाय विक्षिप्त वाटला, तरी धोतऱ्यातले द्रव्य श्वासनलिका सैल करते, एवढे त्यात तथ्य होते.

तरीही हे सगळे उपाय उबळ आल्यावरचे. दोन उबळींच्या मधल्या आयुष्याचे काय, याला उत्तर नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. दम्याने त्यांना अनेक वर्षे छळले आणि १७ जून १८९५ रोजी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, चाळिशी गाठण्याआधी ते गेले. हाती ‘सुधारक’सारखे पत्र, पुण्यातल्या उत्तम डॉक्टरांची उपलब्धता, आणि तरी आजारापुढे इलाज नाही, अशी ती वेळ होती.

ज्यांना परवडे त्यांच्यासाठी एक उपाय असे: हवापालट. हा शब्द आता सहलीच्या जाहिरातीत शोभतो, पण शंभर वर्षांपूर्वी तो डॉक्टरांचा हुकूम होता. सातारा जिल्ह्याच्या डोंगरावर त्यासाठी दोन गावे जवळजवळ घडवली गेली. महाबळेश्वर १८२८ पासून साहेबांचे थंड हवेचे ठिकाण झाले, पण तिथला पाऊस छातीच्या रोग्याला सोसणारा नव्हता. पाचगणी सह्याद्रीच्या कड्यामागे, पावसाच्या आडोशाला. हवा तुलनेने कोरडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रजाने तिथे वसाहत उभारली, आणि १९१२ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. तेच पुढे ‘बेल एअर’ म्हणून ओळखले गेले. आष्ट्याच्या शेतकऱ्याला पाचगणी दूरच होती, रस्त्याने आणि खर्चाने. त्याच्या आवाक्यात आली ती मिरज.

विल्यम जेम्स वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये सांगलीला आले आणि काही वर्षांतच मिरजेला गेले. १८९४ मध्ये तिथे त्यांचे रुग्णालय उघडले. मोतीबिंदू आणि पोटाच्या शस्त्रक्रियांनी त्याचे नाव इतके झाले की कर्नाटकापासून कोकणापर्यंत ‘मिरजेला नेणे’ हा वाक्प्रचारच पडला. रेल्वेचे जंक्शन असल्याने पेशंट येणेही सोपे. क्षयाचे रोगी मात्र सर्वसाधारण वॉर्डात ठेवता येत नव्हते, आणि ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे काम संपत नव्हते. म्हणून १९२० च्या सुमारास सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम उभे राहिले. वस्तीला डॉक्टरांचेच नाव मिळाले: वानलेसवाडी. वॉनलेस १९२८ मध्ये निवृत्त होऊन परतले आणि १९३३ मध्ये वारले. त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती. माळावरची वाडी तिच्याहून जास्त टिकली.

आरोग्यधामात नेमके काय करत, हे पाहिल्याशिवाय आजच्या पुनर्वसनाचे मूळ कळत नाही. या पद्धतीचा उगम जर्मनीतला, आणि तिथे सुरुवातीलाच दोन पंथ पडले होते. हेर्मान ब्रेमर यांनी १८५४ मध्ये गोर्बर्सडॉर्फच्या डोंगरात रोग्यांना चढणीच्या वाटांवर चालायला लावले. त्यांचेच रोगी आणि शिष्य पेटर डेटवायलर यांनी १८७६ पासून फाल्केनश्टाइनला उलटा मार्ग धरला: उघड्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर तासन्‌तास पडून राहायचे, भरपूर खायचे. जगभर बहुतेक ठिकाणी आरामखुर्ची जिंकली. भारतातल्या आरोग्यधामांतही दिवसाचा साचा साधारण तोच होता: ठरावीक वेळी ताप मोजायचा, दूध-अंडी घ्यायची, थुंकी झाकणाच्या भांड्यात टाकायची, उघड्या हवेत पडून राहायचे. ताप उतरला की डॉक्टर चालण्याची मोजकी परवानगी देत आणि ती आठवड्या-आठवड्याने वाढवत.

या शेवटच्या भागाला शास्त्राचे रूप दिले इंग्लंडातल्या मार्कस पॅटरसन यांनी. फ्रिमली येथील आरोग्यधामात १९०५ पासून त्यांनी रोग्यांना पायरीपायरीने कामाला लावले: आधी चालणे, मग टोपलीतून माती वाहणे, मग फावडे, शेवटी कुदळ. प्रत्येक पायरीवर ताप आणि वजन पाहायचे, बिघडले तर एक पायरी खाली यायचे. पॅटरसन यांची त्यामागची उपपत्ती चुकीची होती. श्रमाने जंतूंचे विष थोडेथोडे रक्तात उतरते आणि शरीर त्याविरुद्ध तयार होते, असे ते मानत. पद्धत मात्र जवळपास बिनचूक होती. आजचा फिजिओथेरपिस्ट दमेकऱ्याला ज्या क्रमाने वाढवत नेतो, तो क्रम फ्रिमलीचाच आहे. फावड्याच्या जागी वाळूची पिशवी आली, एवढेच.

१९३० नंतर छातीची शस्त्रक्रिया वाढली. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरत. जुने लोक ‘हवा भरून घेतली’ असे सांगत, ते हेच. काहींच्या फासळ्या काढून छातीची एक बाजू कायमची बसवत. अशा रोग्यांचा खांदा झुके, पाठ वाकडी होई, उरलेले फुप्फुस आळसावे. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर श्वासाचे व्यायाम देण्याची गरज पडली. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात ही कला वाढली. भारतात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघाले. त्याच्या मागे पोलिओची साथ होती, दमा नव्हे. छातीचे काम या व्यवसायाच्या वाट्याला ओघाने आले.

तोवर खालची जमीनच सरकली होती. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आल्यावर क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला. मद्रासमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात क्षयरोग्यांचे दोन गट केले: एक आरोग्यधामात, दुसरा आपल्याच घरी, बहुधा दाटीवाटीच्या वस्तीत आणि अर्धपोटी. औषधे दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्या माणसांना त्यांच्यापासून जास्त धोकाही झाला नाही. आरोग्यधाम या कल्पनेचा कणाच त्या दिवशी मोडला. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो जिल्हा केंद्राभोवती, व्हरांड्याभोवती नव्हे. पाचगणी काय, वानलेसवाडी काय, क्षयाच्या रोग्याला वर्षभर ठेवून घेण्याचे कारण कुठेच उरले नाही. वानलेसवाडी हे नाव आज लोकांच्या तोंडी आहे ते सांगली-मिरज रस्त्यावरची एक वस्ती म्हणून.

ते योग्यच झाले. घरदार सोडून, जमीन गहाण टाकून वर्षभर माळावर पडून राहण्यात काही शहाणपण नव्हते, आणि ‘क्षयी’ हा शिक्का माणसापेक्षा त्याच्या मुलींच्या लग्नांना जास्त नडत असे. पण व्हरांड्याबरोबर आणखी एक गोष्ट मोडीत निघाली: मोजून चालणे, मोजून खाणे, वजनाची नोंद, श्वासाची शिस्त. गोळ्यांचा कोर्स संपला की फाइल बंद. जंतू मेले तरी फुप्फुसाचा पिंजलेला भाग तसाच राहतो आणि धाप मागे उरते, याची दखल घेणारे खाते शिल्लक राहिले नाही. क्षय बरा झालेला माणूस आष्ट्याच्या बाजारात पुन्हा दमेकरीच ठरला.

आरोग्यधामांच्या काळातच, या मुलखात आणि आसपास, वेगळ्या वाटेने एक गोष्ट चालू होती. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थान लहान, साताऱ्यात औंध आणि आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी-कुंडल असे तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. पण त्याच्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते, आणि १९२८ मध्ये राजांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक निघाल्यावर ही गोष्ट देशाबाहेरही गेली. प्रत्येक हालचालीला श्वास जोडलेला असावा, हा त्यांचा आग्रह होता. दुसरे नाव स्वामी कुवलयानंदांचे. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायला घेतला. कैवल्यधामात पुढे दम्याच्या रोग्यांवर योगोपचाराचे पद्धतशीर काम झाले. या परंपरेने एक मोलाची गोष्ट दिली: सावकाश, लांब श्वास सोडण्याचा सराव. फुगलेल्या फुप्फुसाच्या रोग्याची खरी अडचण श्वास घेण्यात नसून सोडण्यात असते. आधीची हवा बाहेर पडत नाही म्हणून नवी आत शिरत नाही. ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला की श्वासनलिका लवकर मिटत नाहीत. चुलीवर फुंकणीने फुंकणाऱ्या बाईला ही क्रिया शिकवावी लागत नाही. तिचा आजार ज्या चुलीतून आला, तिच्यापुढेच ती हे शिकलेली असते. मात्र एकट्या प्राणायामावर भिस्त ठेवून रोगी बसूनच राहिला, तर पायांना काही मिळत नाही.

पायांचे महत्त्व पटायला जगाला वेळ लागला. अमेरिकेत डेन्व्हरच्या चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ मध्येच छातीच्या रोग्यांच्या व्यायामावर पुस्तक लिहिले होते. ते विस्मरणात गेले. १९५० च्या दशकातही धाप लागणाऱ्याला सर्रास विश्रांतीच सांगत. १९५२ मध्ये अल्व्हन बराच यांनी ऑक्सिजन देऊन अशा रोग्यांना चालवले आणि ते सुधारले, पण ऐकणारे थोडे. १९६० च्या दशकात पुन्हा डेन्व्हरलाच टॉमस पेटी यांनी चालणे, श्वासाचे शिक्षण आणि घरी ऑक्सिजन यांचा कार्यक्रम बांधला; १९७४ मध्ये अमेरिकन छातीतज्ज्ञांच्या संस्थेने ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ची व्याख्या केली. मोजमापही साधे झाले. कूपर यांची १२ मिनिटांची धावण्याची चाचणी होती. ती चालण्यावर आणून १९८२ मध्ये ६ मिनिटांपर्यंत खाली आणली. तीस मीटरची सपाट जागा, दोन खुणा आणि घड्याळ एवढ्या भांडवलावर ती होते. रोगी कार्यक्रमानंतर तीसेक मीटर जास्त चालला, तर त्याला स्वतःला फरक जाणवतो. २०१५ मध्ये कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ६५ चाचण्या एकत्र पाहून असा निर्वाळा दिला की, हा उपचार उपयोगी आहे की नाही यासाठी आणखी तुलना करत बसण्याची गरज उरलेली नाही. वैद्यकात इतका नि:शंक कौल क्वचित मिळतो.

यात एक गंमत आहे. सहा-आठ आठवड्यांच्या या कार्यक्रमाने फुप्फुसांत काहीच बदलत नाही. फुंकून मोजलेला आकडा होता तिथेच राहतो. बदलतात ते मांड्या आणि पोटऱ्या. धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने स्नायू सुकतात, सुकलेले स्नायू थोड्या कामातही लवकर आंबतात, आणि आंबलेल्या स्नायूंची मागणी भागवायला श्वास आणखी धावतो. हे चक्र उलटे फिरवायचे, एवढाच हा उपचार आहे. म्हणून तो सोडला की वर्षभरात फायदा ओसरतो. तालीम सोडलेल्या पैलवानाचे होते तेच.

भारतात गरज किती, याचे उत्तर मोठे आहे. २०१६ च्या अंदाजानुसार देशात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिकांच्या कायमच्या अडथळ्याचे, साडेपाच कोटींवर रोगी होते. लोकसंख्या जगाच्या १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांचा भार ३२ टक्के. हा आजार विडी-सिगारेटचा, ही समजूत मोडायला पुण्याचा हातभार लागला. तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे, आणि म्हणून चुलीकडे, जगाचे लक्ष वेधले. उसाच्या पाचटावर काम करून, फडात ते जाळण्याऐवजी त्याचा कोळसा पाडण्याची रीत काढणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. धुराचे मूळ बांधावरच रोखण्याचा तो प्रयत्न होता. उज्ज्वला योजना २०१६ ची. सिलिंडर घरात आले, पण परवडेना म्हणून चूलही विझली नाही, अशी घरे पुष्कळ आहेत.

देशातल्या छातीतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१३ मध्ये सीओपीडीच्या मार्गदर्शक सूचना एकत्र काढल्या. त्यांत पुनर्वसनाचा समावेश आहे. पुण्यात ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाबरोबर चाललेल्या ‘रिचार्ज’ या संशोधनाने कमी खर्चातले कार्यक्रम भारतीय रोग्यांवर बसवून पाहिले. आष्ट्याच्या जवळ पाहिले तर कऱ्हाडच्या कृष्णा अभिमत विद्यापीठात आणि मिरजेच्या वॉनलेस रुग्णालयात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे शिकवणारी माणसे तीस ते पन्नास किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. अडते ते वारंवारतेवर. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन महिने यायचे, तर एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि सोबतीला येणारे माणूस, असा तिहेरी खर्च पडतो. ऊसतोडीच्या हंगामात तर कोणी फिरकत नाही. हृदयविकाराला विम्याची योजना आहे, शस्त्रक्रियेला आहे. चालायला शिकवण्याचे बिल कोणत्या रकान्यात घालायचे, हे अजून ठरलेले नाही.

करोनाने थोडा धक्का दिला. मार्च २०२० मध्ये राज्यातला एक मोठा सुरुवातीचा रुग्णसमूह आष्ट्याच्या जवळच, इस्लामपुरात सापडला. पुढच्या दोन वर्षांत पालथे झोपणे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि तीन रंगीत गोळ्यांचे श्वासाचे यंत्र घराघरांत पोचले. यंत्र दिसायला आकर्षक, म्हणून ते मुलांच्या खेळण्यांत जाऊन पडलेलेही पाहायला मिळते. जुनाट आजारात त्याचा उपयोग बेताचाच. अंगणात दोरीने मापलेल्या वीस-तीस मीटरच्या फेऱ्या त्याहून कितीतरी जास्त कामाच्या. खुर्चीवरून हात न टेकता एका मिनिटात किती वेळा उठता येते, एवढी चाचणी तर कोणतीही आशा सेविका घेऊ शकेल. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या वजन म्हणून पुरतात.

सरकारी कागदात दमेकऱ्याचा शिरकाव झाला आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता सीओपीडी आहे, आणि तिशी ओलांडलेल्या माणसांच्या घरी जाऊन आशा सेविका जो तपासणी फॉर्म भरते, त्यात स्वयंपाकाला सरपण वापरता का, पिकाचे अवशेष जाळता का, वीटभट्टीवर काम करता का आणि धाप लागते का, हे प्रश्न छापलेले आहेत. आष्ट्यात यातल्या निम्म्या प्रश्नांना ‘होय’ येईल. त्यानंतर रोग्याला कुठे आणि किती चालवायचे, यासाठी त्या फॉर्मवर जागा नाही.